अपत्य म्हणजे कोण

परवा शेजारच्या अंगणात कुणीतरी गोवरी पेटवली आणि त्या धुराने मला थेट खानदेशात, आमच्या दोंडाईच्याला नेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. शेजारचे आबा वारले होते. भर दुपारी त्यांची एकुलती एक मुलगी, सुमनअक्का, विस्तवाचं मडकं धरून तिरडीपुढे उभी राहिली.

आबांचा पुतण्या पोथी घेऊनच आला. अपत्याने अग्नी द्यावा, ही ओळ त्याने मोठ्याने वाचली. “अपत्य म्हनजे पोऱ्या. तो नही, तर पुतन्या. अग्नी मीच देसू.”

गल्लीतल्या नानांनी पोथी घेतली, तीच ओळ पुन्हा वाचली आणि अक्काकडे हात करून विचारलं, “पोर काय अपत्य नही?”

बराच वाद झाला. “मना बाप शे,” माझा बाप आहे, एवढंच म्हणून अक्का चालू लागली. अग्नी तिनेच दिला.

पुतण्याचा डोळा आबांच्या मळ्यावर आहे, असा संशय मला तेव्हाच आला होता. नाना मात्र निःस्वार्थी वाटले होते. आता आठवतं, नानांनाही तिन्ही मुलीच होत्या. आणि ज्या मला त्यांचा अर्थ लगेच पटला, ती मीही मुलगीच होते.