लाल मुंग्यांची तीन कोटेशनं

"नऊ हजार चारशे. प्लस जीएसटी."

पेस्ट कंट्रोलवाल्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला आधी वाटलं, तो आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांचं मिळून सांगतोय. मी तसं विचारलंही. "नाही सर, तुमच्याच अंगणाचं. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, चार सर्व्हिस," तो म्हणाला. माझं अंगण म्हणजे सोनिवलीतल्या आमच्या रो-हाउसच्या पुढची दहा बाय बारा फुटांची माती. त्यात एक तुळशीवृंदावन, एक कढीपत्ता, कपडे वाळत घालायची तार आणि पावसाळा संपता संपता तीन ठिकाणी वर आलेले भुसभुशीत मातीचे ढीग. त्या ढिगांत लाल मुंग्या. त्या मारायला नऊ हजार चारशे! माझे डोळे पांढरे झाले. घरातून चहाचा कप येत होता, तो मी नजरेनेच परत पाठवला.

त्या दिवशी मला वाटलं, पणाला लागलेत ते माझे नऊ हजार चारशे. खरं तर पणाला लागला होता माझ्या आईचा पाय. मला ते कळायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी काय करत होतो हे सांगायची मला आजही लाज वाटते. मी भाव करत होतो.

माझा धंदाच तो. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं परचेस सांभाळतोय. तिथला नियम साधा आहे: कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं मागवायची, तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची आणि जो सगळ्यात स्वस्त त्याला आणखी खाली ओढायचं. ड्रम असो, हातमोजे असोत, नाहीतर कॅन्टीनचे कांदे. सव्वीस वर्षांत हा नियम माझ्या अंगात इतका मुरला की तो कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येणं मला कधी जमलंच नाही. एकदा आमचा फ्रीज बंद पडला, तेव्हा मी अकरा दिवस दुकानं फिरलो. अकरा दिवस आमचं दूध शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये. बायको बोलायची बंद झाली, पण फ्रीज साडेअकराशेने स्वस्त मिळाला आणि मी ते महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

आईला मात्र माझा कोण अभिमान. वडील गेल्यावर ती चामटोलीचं घर सोडून आमच्याकडे आली, तेव्हापासून दारावर येणाऱ्या भाजीवालीलाही ती सांगायची, "माझ्या पोराला कुनी फसवून दाखवा." येताना तिने एकच अट घातली होती. तुळस कुंडीत नको, मातीत हवी. म्हणून ती अंगणाची पट्टी आम्ही फरशी न घालता तशीच ठेवली. रोज सकाळी आंघोळ झाली की आई पायरीवर चपला काढणार, अनवाणी तुळशीपाशी जाणार, पाणी घालणार, तीन फेऱ्या मारणार आणि मग तिथेच उभी राहून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहणार. बारा वर्षांची साखर आहे तिला. गोळ्या चालू. त्या गोळ्याही मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून आणायचो, कारण तिथे डिस्काउंट जास्त.

मुंग्या पहिल्यांदा चावल्या त्या बायकोला. कपडे वाळत घालताना ती एका ढिगावर उभी राहिली आणि पुढच्याच क्षणी ओरडत घरात आली. पायाला आग लागल्यासारखं होतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलावर पांढऱ्या तोंडाच्या पुटकुळ्या. दोनच दिवसांनी मी पाइप गुंडाळायला गेलो आणि मलाही प्रसाद मिळाला. मी अंगणात एका पायावर असा काही नाचलो की समोरच्या घरातली मुलं हसायला लागली. पायाची नुसती आगआग झाली. चार मुंग्या असतील फार तर, पण रात्रभर पाय बर्फात ठेवून बसलो.

"मला नाय बाबा चावत," आई म्हणाली. "मी रोज पानी घालते त्यांच्या दारात. मला वलखतात त्या."

आम्ही हसलो. मग ती घरातली गंमतच झाली. कोणी आलं की बायको सांगायची, आमच्याकडच्या मुंग्या फक्त सासूबाईंना मान देतात, आम्हाला नाही. आईही खुशीत मान डोलवायची. मी तर त्याच्याही पुढे गेलो, ते येतंच पुढे.

तुळशीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. दरवर्षी आई आजूबाजूच्या बायकांना बोलावते. पंधरा-वीस जणी अंगणात अनवाणी उभ्या राहतात. बायकोने मला निक्षून सांगितलं, "अहो, लग्नाच्या आधी हे साफ झालं पाहिजे. कोणाच्या लहान पोराला चावल्या तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी म्हटलं, तीन आठवडे खूप झाले.

दुसरं कोटेशन बदलापूर पश्चिमेच्या एका माणसाचं. स्कूटरवरून आला, गुडघ्यावर बसून ढीग बघितले, काडीने टोकरून पटकन मागे सरला. माणूस बरा होता. त्याने समजावून सांगितलं की वरून पावडर मारली किंवा उकळतं पाणी ओतलं तर वरच्या तेवढ्या मरतात, बाकीच्या चार हात पलीकडे दुसरं घर करतात. त्यांना खाण्यातून औषध द्यावं लागतं. त्या ते आत नेतात, राणीला भरवतात, आणि मग सगळं घर बसतं. "साडेतीन हजार. आज सांगितलंत तर उद्या करतो."

उद्या! मला माझं तिसरं कोटेशन यायचं होतं.

त्यासाठी शनिवारी मी कॅम्प एकला गेलो. औषधं, फवारे, उंदरांचे पिंजरे विकणारा एक सिंधी दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. त्याला मी अंगणाची लांबी-रुंदी, ढिगांची संख्या, मुंग्यांचा रंग, सगळं सांगितलं आणि म्हटलं, लेखी द्या. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "साईं, चींटी मारना है या फॅक्टरी लगाना है? ले जाओ डब्बा, आठसौ का है, डालो और सो जाओ." लेखी काही देईना. मी त्याच्याच पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडा लिहून घेतला आणि खाली त्याचा शिक्का मारून घेतला. डबा घेतला नाही. मला फक्त त्याचा आकडा हवा होता, स्कूटरवाल्याला दाखवायला.

मग मी स्कूटरवाल्याला फोन लावला. आठशेचा आकडा तोंडावर फेकला. तो म्हणाला, "सर, ते स्वतः करायचं औषध आहे, माझं काम वेगळं." मी म्हटलं, मुंग्या एवढ्या नाहीतच मुळी. आणि हे वाक्य मी तेव्हा बोललो, मला ते शब्दशः आठवतं: "माझी आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. रोज अर्धा तास तिथे अनवाणी उभी असते. तिला आजपर्यंत एकही चावली नाही. मग सांगा, साडेतीन हजार कशाचे?"

तो तीनशे उतरला. आणखी आठवडा मी त्याला घोळवला आणि शेवटी सव्वीसशेवर आणला. फक्त एक अडचण राहिली. लग्नाआधी त्याला शनिवारचीच वेळ रिकामी होती आणि शनिवार-रविवारचे तीनशे जास्त लागत होते. सोमवारी आला तर सव्वीसशेच. तुळशीचं लग्न रविवारी होतं. बायको म्हणाली, "द्या हो तीनशे." मी म्हटलं, रविवारी सकाळी ढिगांवर पाट टाकून ठेवू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोमवार ठरवला. फोन ठेवला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला म्हटलं, आज बाहेर जेवू.

रविवारी सकाळी मी पाट काढायला माळ्यावर चढलो. खाली आलो तर आई आधीच अंगणात. नऊवारीचा ओचा खोचून, एका हातात गेरूचं टमरेल आणि दुसऱ्या हातात कापडाचा बोळा. वृंदावनाची एक बाजू रंगवून झाली होती, दुसरी चालली होती. तिची दोन्ही पावलं घोट्यापर्यंत लाल. गेरू सांडलाय, मला वाटलं. "अगं आई, पायावर घेतलास की सगळा," मी हसत म्हटलं.

"कुठं रे?" तिने खाली बघितलं.

आणि तो गेरू हलला.

मी पाट टाकले. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो कसला होता ते मला सांगता येणार नाही, पण बायको आतून धावत आली. आई एका ढिगाच्या बरोबर मधोमध उभी होती, पावलं निम्मी मातीत रुतलेली, आणि तिच्या बोटांच्या मधून, टाचेवरून, नखांवरून मुंग्या वर चढत होत्या. शेकड्यांनी. आई त्यांच्याकडे बघत होती, अगदी दुसऱ्या कोणाच्या पायांकडे बघावं तशी. ओरडली नाही. पाय उचललासुद्धा नाही. "अगो बाय, येवढ्या कवा चढल्या?" एवढंच म्हणाली.

मी तिला उचलून पायरीवर आणलं, नळ सोडला, हाताने मुंग्या ओरबाडून काढल्या. माझे हात पेटले. मला चार-पाच डंखांतच रडू यायची वेळ आली आणि ती मलाच सांगत होती, "हळू रे, तुला चावतील."

पाणी वाहून गेलं तसं खालचं दिसायला लागलं. नुसते आजचे डंख नव्हते. जुने होते, परवाचे होते, मागच्या आठवड्याचे होते. फुटलेले, सुकलेले, परत फुटलेले. उजव्या पायाची करंगळी जांभळी-काळी झाली होती आणि तिच्या खाचेत पिकलेली जखम होती. वर हळद थापलेली. ती करंगळी पुढे काढावी लागली. बायको खालीच बसली. दिवाळीपासून आई घरात मोजे घालत होती. फरशी गार लागते म्हणायची, आणि आम्ही खरं मानलं. मी सकाळी सातला घर सोडतो. आईच्या पायांकडे मी शेवटचं कधी बघितलं होतं, मला आठवेना. वाकून नमस्कार करतानासुद्धा माणूस पाय बघत नाही.

"चावत नाय म्हणालीस ना?" मी तिच्यावर ओरडलो. भीतीने ओरडलो, पण ओरडलो.

"नाय चावत," ती म्हणाली. "पुटकुळ्या येतात नुसत्या. उष्णतेच्या."

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी रविवार असूनही दवाखाना उघडला. आईला टेबलावर निजवलं, करंगळी बघितली, वास घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "साखर शेवटची कधी तपासली?" मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत. "ते नाही विचारलं. तपासली कधी? पाय कधी दाखवले?" मला महिना सांगता येईना. वर्षही धड सांगता येईना. दोनेक वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी तपासण्यांची एक यादी लिहून दिली होती आणि मी ती घेऊन तीन लॅबचे रेट विचारत फिरलो होतो, एवढं आठवलं. पुढे त्या यादीचं काय झालं ते आठवलं नाही. कारण काहीच झालं नव्हतं.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नायलॉनचा एक बारीक दोरा काढला, छोट्या दांडीला लावलेला. "आजी, डोळे मिटा. मी पायाला हा लावणार आणि विचारणार, आता कळतंय का. कळलं तर हो म्हणायचं."

आईने डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी दोरा टाचेला टेकवला. "आता?"

"हो."

अंगठ्याला. "आता?"

"हो."

तळव्याला. "हो." मधल्या बोटाला. "हो." मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. मी मनात म्हटलं, चला, एवढं काही बिघडलेलं नाही. डॉक्टर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरा ट्रेमध्ये ठेवला आणि दोन्ही हात छातीवर बांधून उभे राहिले.

"आता?"

"हो, कळतंय की."

"आणि आता?"

"हो हो."

पायावर चादर ओढून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की घोट्याखाली यांना काहीही कळत नाही, आजचं नाही हे, बऱ्याच दिवसांचं आहे. आत्ता ॲडमिट करा, बोट वाचेलच असं मी म्हणणार नाही. मी मान हलवली. खर्च किती, हे मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा ते विचारलं नाही, आणि त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता.

ते बेडसाठी फोन करायला बाहेर गेले. आईने एक डोळा उघडला, ते गेल्याची खात्री केली आणि मला बाहीला धरून जवळ ओढलं.

"एकालापन नाय म्हटलं नाय मी," ती कुजबुजली. "आता तो तुला महागातल्या टेस्टा नाय ना लावणार?"