गिरवलेली सही

सही खरी की खोटी, हे सांगायचं काम मी कधी मागून घेतलं नव्हतं. जळगावच्या एका बँकेत माझी नोकरी झाली. त्यातली बरीच वर्षं चेकवरची सही आणि आमच्याकडच्या कार्डावरची सही ताडून पाहण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. पण माझ्याकडे जुन्या नट-नट्यांच्या, गवयांच्या, खेळाडूंच्या सह्यांचा थोडा संग्रह आहे आणि कुणीतरी हौसेने त्याची बातमी इथल्या पेपरात छापून आणली. तेव्हापासून दाराची बेल वाजली की दार उघडायला मी मुद्दाम वेळ लावते.

कारण येणारा माणूस विचारायला येत नाही, 'हो' ऐकायला येतो. यावलकडचे एक केळीचे बागाईतदार बॅट घेऊन आले होते, तिच्यावर अख्ख्या संघाच्या सह्या. नखाने चाचपून पाहिलं तर सगळ्या छापील. तसं सांगितलं, तर गृहस्थ म्हणाले, "पण मॅडम, दुकानदाराने देवाची शपथ घेतली होती." आता देवाच्या शपथेपुढे माझं भिंग काय करणार? कुणी फोटो लॅमिनेट करून आणतं, खराब होऊ नये म्हणून. लॅमिनेशन हा आमच्याकडे साथीचा रोग आहे. रेशनकार्डापासून आजोबांच्या फोटोपर्यंत काही सुटत नाही. प्लॅस्टिकखालची शाई चकाकते, पण बोलत नाही. "सांगता येणार नाही" म्हटलं की लोक चहा अर्धा ठेवून उठतात. खोटी म्हटलं की मी खडूस, काहीच म्हटलं नाही की मी शिष्ट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

माझी रीत साधी आहे. कागद हातात आला की आधी उलटा धरते. नाव वाचलं की डोळा फितूर होतो. उलटा धरला की नाव जातं आणि नुसती रेघ उरते. माणूस स्वतःची सही विचार न करता फेकतो, म्हणून रेघ सुरू होताना आणि संपताना निमुळती होते. नक्कल करणारा सहीचं चित्र काढतो. त्याची रेघ सावकाश जाते, कापते, मध्येच पेन उचललेलं कळतं, टोकं बोथट असतात. एवढंच. याला कुणी शास्त्र म्हणतं, मी सवय म्हणते.

या सवयीने मला सुख काही दिलं नाही. लहानपणी आम्ही नशिराबादला राहायचो आणि मी आवडत्या नटीला पत्रं धाडायची. सहीचा फोटो आला की आठवडाभर जमिनीवर पाय नसायचे. बँकेत लागल्यावर एका रविवारी तेच फोटो काढून उलटे धरले. एकाच नटीच्या दोन फोटोंवर दोन वेगळे हात होते. मधल्या काळात तिचा सेक्रेटरी बदलला असणार. मी रडले वगैरे नाही. फार दमल्यासारखं वाटलं, आणि तो थकवा पुढे गेलाच नाही.

असं असताना धुळ्याहून फोन आला. बोलणारा हॉटेलवाला होता, चाळिशीचा असेल. शहरातून जाणाऱ्या आग्रा रोडवर त्याच्या वडिलांचं शेवभाजीचं जुनं हॉटेल. ते बंद करून तो बायपासवर मोठं हॉटेल काढत होता. जुन्या हॉटेलात एका नामांकित नटाची सही होती. नटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक नटावर बोलत बसतात. वडिलांचं म्हणणं असं की ऐन उन्हाळ्याच्या दुपारी त्या नटाची गाडी तापून हॉटेलासमोर बंद पडली, तो आत आला, शेवभाजी खाल्ली आणि जाताना भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोवर सही करून गेला.

"मला नव्या हॉटेलात तो फोटो मोठा करून लावायचाय," मुलगा म्हणाला, "पण खोटा निघाला तर लोक मोबाईलवर आमची चटणी करतील. आणि मॅडम, खरं सांगू का, नानांना एकदा कळू द्या. सगळी हयात त्यांनी यात घातली."

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"थापाड्या म्हणतात."

जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेले. कुणाची हयात वगैरे ऐकलं की मला नाही म्हणता येत नाही, मागून स्वतःचाच राग येतो. सकाळच्या एसटीने निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा, आणि शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बिनधास्त झोपलेली. धुळ्याला उतरले तेव्हा निम्मा जीव बसमध्येच राहिला होता.

हॉटेल आवरायला काढलेलं होतं. बाकडी एकावर एक चढवलेली, भट्टी थंड. नाना एकटेच गल्ल्याच्या खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी, हातावर फोडणीच्या तेलाचे जुने डाग. मला पाहून उठले आणि पहिलं बोट दाखवलं ते सहीकडे नाही, रस्त्यापलीकडच्या पानटपरीकडे.

"त्यानाच मुये बठ्ठं व्हयनं, ताई," ते म्हणाले. सगळं त्या टपरीवाल्यामुळे झालं, असं त्यांचं अहिराणीत म्हणणं.

टपरीवर त्यांच्याच वयाचे एक आबा सुपारी कातरत बसले होते. नानांनी सांगितलं ते असं. गाडी आली त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हॉटेलात नाना आणि त्यांचा आचारी, आचारी पुढे वारला. संध्याकाळी नाना गावभर सांगत सुटले. लोक खात्री करायला आबांकडे गेले, कारण आबांची टपरी कधी बंद नसे आणि हॉटेलाचं दार तिथून सरळ दिसे. आबा म्हणाले, मी दिवसभर इथंच होतो, मला काही गाडी दिसली नाही. झालं. आबांना दिसली नाही म्हणजे आली नाही, असं गावाने धरलं. तेव्हापासून नाना रोज दुपारची गर्दी ओसरली की रस्ता ओलांडून जात आणि आबांशी भांडून येत. ऊन असो, पाऊस असो, खाडा नाही.

"रोज?" मी विचारलं.

"मना बाप मरना तवय गऊ नही," नाना म्हणाले. "दुसरा दिन गऊ."

आत आवराआवर करणाऱ्या मुलाने फोटो काढून आणला. कॅलेंडरचं पान कापून जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेलं, वर काच. काच काढून मी पान उलटं धरलं. भिंगाचीही गरज नव्हती. रेघ सावकाश गेलेली, कापरी, टोकं बोथट. कुठे निळी, कुठे काळी, कुठे जांभळट. भिंतीवर नानांच्या हातचा पदार्थांचा फळा अजून होता, त्यावरच्या अक्षरांचं वळण या सहीत उतरलेलं. बँकेत असते तर हा चेक मी क्षणात परत पाठवला असता.

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मी विचारलं, "नाना, ही सही कधी कुणी दुरुस्त केलीय का?"

"दुरुस्त कसाले?" ते म्हणाले. "शाई उडी जास ना. एक तं भट्टीना धूर, वरथून ऊन. मंग दर दिवाळीले मी गिरवी लेस."

हॉटेलाच्या दारावर शेंदराने शुभ-लाभ लिहिलेलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते नव्याने गिरवायचं, ही दुकानदारांची रीत. नाना शुभ गिरवत, लाभ गिरवत आणि मग पाटावर बसून ही सही गिरवत. अंघोळ करून, नवं पेन घेऊन, नसेल ते मुलाच्या दप्तरातलं घेऊन. जपायचं म्हणजे गिरवायचं, एवढं त्यांना ठाऊक. सही पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी ती सहीवाल्याच्या हातून काढून स्वतःच्या हातात आणून ठेवली होती. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"आणि त्या नटाची मूळ सही?" मी विचारलं.

"खाले शे ना," नाना म्हणाले. मी हे का विचारते असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

खाली होती की नव्हती, ते पाहायचा मी प्रयत्न केला. पान उजेडात तिरपं धरलं, भिंग फिरवलं. जुन्या शाईचं पाणी कधीकधी कागदाच्या पाठीवर उतरतं. पण पाठ खळीने पुठ्ठ्याला बसली होती, आणि खळीत झुरळांनी आपला संसार मांडून कागद जागोजाग कुरतडला होता. सोलायला गेलं तर हातात भुगा येणार. मुलगा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, खरी आहे म्हणून टाका ना. त्यांचं वय बघा." त्याचं काही चुकलं नाही. असं म्हणून टाकलं असतं तर मी दोनच्या बसने घरी गेले असते. पण इतकी वर्षं ज्यांना नाही म्हटलं, त्यांचीही वयं होती.

मी नानांसमोर बाकडं ओढून बसले. म्हटलं, "नाना, तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण वरचा हात तुमचा आहे. खाली कुणाचा आहे ते आता कुणालाच दिसणार नाही. मी हिला खरी म्हणू शकत नाही."

त्यांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. टोपी सारखी केली, पायात चपला सरकवल्या आणि पुठ्ठा काखेत घेऊन रस्त्याकडे निघाले. आग्रा रोडवर रिक्षा, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि हे मधून सरळ चालले. मुलगा आणि मी मागे धावलो.

आबांनी अडकित्ता थांबवला. "आज लवकर?" ते म्हणाले.

नानांनी पुठ्ठा टपरीच्या फळीवर ठेवला. "जा, तू जिकना," ते म्हणाले. "जळगावनी ताईबी सांगस, हात मनाच शे. मी थापाड्या. आते बस?"

आबा माझ्याकडे बघायला लागले, मग नानांकडे. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आनी तू मानी लिधं?" आबा म्हणाले.

"मंग काय करू?"

आबांनी मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकला. तो झटकून झाला तरी झटकतच राहिले. "उना व्हता रे तो," ते खाली बघत म्हणाले. "काळी गाडी व्हती. तेना डायवरले मीच पान दिधं."

म्हणजे नट खरंच आला होता, आणि आबांनी तो पाहिला होता. भिंग अजून माझ्या हातात होतं, ते मी पिशवीत टाकलं. मुलगा काहीतरी मोठ्याने बोलायला गेला, मी त्याचा हात धरला.

नानांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी फळीच घट्ट पकडली. "मंग सांगं का नही? बठ्ठी जिंदगी गई मनी!"

"पहिले गंमत करी," आबा म्हणाले. "तू भलता मिरवाले लागना व्हता. मंग मनी बायको गई. पोऱ्या सुरतले गयात. मी सांगी दिधं असतं, तं तू रोज भांडाले कसाले येता?"

टपरीवर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, कुणी लक्ष देईना म्हणून निघून गेलं. नाना आबांना शिव्या देतील, पुठ्ठा डोक्यात घालतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर घातला असता तर मी अडवलंही नसतं. पण तसं काही त्यांनी केलं नाही. चेहरा आधी तांबडा झाला, मग हळूहळू उतरला. शेवटी बोलले तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"आते मी चालनू बायपासले. उद्यापासून दुकान बंद."

"माले माहित शे," आबा म्हणाले. "म्हनीसनच तं आज सांगं."