निळ्या कोपऱ्यातलं पाणी

आमच्या जिल्ह्यात तेव्हा माझ्या वजनगटात बॉक्सिंग खेळणाऱ्या मुली दोनच होत्या. एक मी, बालाघाटची, आणि दुसरी बैहरच्या जंगलाकडची. त्यामुळे उपांत्य-बिपांत्य अशी भानगडच नसायची. सकाळी वजन झालं की संध्याकाळी सरळ फायनल, आणि समोर तीच. लोकांना वाटायचं मी हात धुऊन तिच्या मागे लागले आहे. लागले होतेच म्हणा, पण दुसरं कोणी मिळतही नव्हतं.

पहिल्यांदा मी हरले. तो रविवार होता, म्हणून लालबर्र्याच्या राईस मिलमध्ये काम करणारे बाबा घरी होते आणि मला बघायला स्टेडियमच्या हॉलमध्ये आले होते. मी आमच्या गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, की जंगलातून एक पोरगी येणार आहे, तिला पहिल्याच राऊंडमध्ये आडवी करते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पोरगी डावखुरी निघाली. डावखुऱ्याशी मी कधी खेळलेच नव्हते. ज्या बाजूने ठोसा यायला नको त्याच बाजूने तो यायचा आणि नाकावर बसायचा. दुसऱ्या राऊंडला नाकातून रक्त आलं, तिसऱ्यात मी नुसती हात वर धरून उभी होते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. निकाल लागला की दोघींनी एकमेकींच्या कोपऱ्यात जायचं, तिथे जो गुरू असेल त्याच्या पाया पडायचं आणि त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायचं. म्हणजे भांडण रिंगमध्येच संपलं. हातात ग्लोव्ह असतात, बाटली धरता येत नाही, म्हणून समोरचाच ते पाणी तोंडात ओततो. ती निळ्या कोपऱ्यात होती आणि तिथे तिचा मामा बाटली घेऊन उभा होता. त्याने माझी हनुवटी धरली, मान मागे केली आणि पाणी पाजलं. पाणी आणि रक्त दोन्ही गळ्यावरून खाली आलं. मी वळून बघितलं तर बाबा खुर्चीवरून उठून चालले होते.

घरी आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. समोरच्या पानठेल्यावाल्याने विचारलं, "काय झालं जी पोरीचं?"

"हारली," बाबा म्हणाले आणि आत गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बापाचं नाक कापलं होतं आणि ते मला परत जोडायचं होतं. पुढची काही वर्षं मी दुसरा विचारच केला नाही.

आमच्या बॉक्सिंगच्या सरांनी मला एका डावखुऱ्या मुलासमोर उभं केलं. "उसके अगले पैर के बाहर अपना पैर रख," एवढं एकच वाक्य ते रोज म्हणायचे. माझा डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला, की तिच्या डाव्या हाताला मी सापडत नाही आणि माझा उजवा तिला सरळ लागतो. गोष्ट एवढीच होती. मी ती झोपेतही करायला लागले. आई म्हणायची की पोरगी अंथरुणात पाय सरकवते.

पुढच्या वेळी मी जिंकले. रेफरीने हात वर केला तेव्हा मी ओरडले, सरांच्या गळ्यात पडले, आणि मेडल गळ्यात तसंच ठेवून घरी आले. बाबा जेवायला बसत होते.

"लागलं काय कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही. जितलो मी, बाबा."

"तेच पोरगी होती?"

"हौ, तेच."

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, नाकाच्या हाडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जेव मंग."

मला फार राग आला. मेडल समोर लटकतंय आणि हा माणूस लागलं का विचारतोय. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर अजून ती रक्ताळलेली पोरगीच आहे, जिंकलेली दिसतच नाही. मी ठरवलं की पुन्हा हरवायचं.

पुन्हा हरवलं. मग आणखी एकदा. बाबांना दर वेळी बोलावलं आणि दर वेळी मिलमध्ये काम निघालं. धान येण्याचा हंगाम असो नसो, काम निघायचंच. घरी आले की तोच प्रश्न, तोच अंगठा, तेच जेव मंग.

ती मात्र हरून काळवंडायची नाही. आमच्या कोपऱ्यात यायची, सरांच्या पाया पडायची, पाणी प्यायची आणि मला म्हणायची, "तू तो आज और तेज़ थी रे." एकदा तिने बसस्टँडवर ओढणीत बांधलेली तेंदूची फळं माझ्या हातात दिली आणि जीपमध्ये बसून गेली. मी तिथेच उभी राहून सगळी खाल्ली. गोड होती. ती हरल्यावर रडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तेव्हाच कळत होतं.

चौथ्यांदा तिला हरवलं तेव्हा काहीच वाटलं नाही. हात वर झाला, खाली आला. निळ्या कोपऱ्यात गेले, तिच्या मामाने पाणी पाजलं. त्याला आता माझी मान किती मागे करायची ते माहीत झालं होतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. सर म्हणाले, "अब तो खुश हो जा." मी हो म्हटलं आणि ग्लोव्ह काढायला लागले.

तरी एक गोष्ट उरली होतीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी घरी सांगितलं, "बाबा, एक डाव चला. मी जिंकतो ते डोळ्यानं पाहा, मंग मी खेळणं सोडतो."

"मले नाही जमत," ते म्हणाले.

"काहून नाही जमत?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "जा ना जी. पोरगी एवढी म्हणून राह्यली त."

आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन, पहिल्याच रांगेत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. मी लाल कोपऱ्यातून चढले. निळ्या कोपऱ्यासाठी तिचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग घंटा वाजली, आणि मी पूर्ण तयारीनिशी, दातांवर बसवायची रबरी पट्टीही तोंडात घालून, रिंगमध्ये एकटी उभी राहिले. तसाच नियम आहे. समोरचा आला नाही तरी आपण चढायचं, घंटा ऐकायची, आणि मगच हात वर होतो.

रेफरीने माझा हात वर केला. खालून सर म्हणाले की तिला वनरक्षकाची नोकरी लागली, ती ट्रेनिंगला गेली, आता खेळणार नाही. नोकरी लागली हे चांगलंच झालं. मला बाबांसमोर तिच्याकडून जे काय परत घ्यायचं होतं, ते घेऊन मात्र ती जंगलात गेली होती.

पाय सवयीने निळ्या कोपऱ्याकडे गेले. तिथे स्टूल होतं आणि थुंकायची बादली. पाया पडायला कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले, खाली उतरायचं सुचलं नाही. तेवढ्यात दोरांच्या पलीकडे बाबा दिसले. ते पायऱ्या चढून आले होते आणि त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं होतं.

"पे," ते म्हणाले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि पाणी तोंडात ओतलं. अर्धं पाणी जर्सीवर सांडलं. "त्या डावी तुह्या नाकातून रगत येत होतं, अन् पाणी त्या माणसानं पाजलं. मी नुसता बसून होतो. मंग मले येणंच नाही झालं." त्यांनी झाकण लावलं. "आज बरं झालं. आज कोणी मारलं नाही तुले."

मला रडू येईल असं वाटलं. वाट बघितली, पण आलं नाही.

मोटरसायकलवर मागे बसून घरी आले. मेडल खिशात होतं. बाबांनी गाडी घराकडे न वळवता पानठेल्यासमोर थांबवली आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "पोरगी जितली आज. एक ठोसा नाही लागला."

"वा. कोणाले हारवलं?"

"कोणालेच नाही," बाबा म्हणाले आणि हसले. त्या पोरीला मी चार वेळा हरवलं होतं, पण बाबांनी गाडी थांबवून कोणाला असं सांगितल्याचं मला आठवत नाही.