अष्टमीची ओहोटी

माझ्या बायकोलासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही. बारा वर्षांत दोन-तीनदा अगदी ओठांपर्यंत आलं, आणि मी पाणी पिऊन गिळून टाकलं. आज तुम्हाला सांगतो, कारण येत्या रविवारी मला हेच काही माणसांसमोर मोठ्याने बोलायचं आहे. त्याआधी एकदा लिहून बघावं म्हटलं. अडखळणार आहेच. तरी.

आज मी नाहूरला राहतो. तेव्हा, लग्नाआधी, राहत होतो मोऱ्याला, म्हणजे उरणच्या मोरा बंदरावरच्या कोळीवाड्यात. नोकरी घाटकोपरला, एका विमा कार्यालयात. सकाळी लाँचने भाऊचा धक्का, तिथून बसने घाटकोपर. संध्याकाळी तेच उलटं. मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ फार. पाणी खूप उतरलं की लाँच लागत नाही, बंद ठेवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमाराला असं होतं. रस्त्याने वळसा घालून जायचं तर घरी पोचेपर्यंत झोपायची वेळ. म्हणून त्या दिवसांत मी सावंतकडे राहायचो. सावंत माझ्याच टेबलाशेजारचा, मूळचा मालवणचा, नाहूरला एकटा राहणारा.

इथवर काही खोटं नाही. खोटं पुढे आहे.

आईला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. दिवसभर बाबा तिचं सगळं करायचे. बाबा सत्तरीचे, जन्मभर होडी हाकणारे तांडेल; हात अजून दणकट, पण कंबर गेलेली. त्यामुळे एक काम त्यांना एकट्याने जमत नव्हतं — आईला खाटेवरून उचलून दारातल्या खुर्चीत बसवणं. खांद्यांकडून बाबा, गुडघ्यांकडून मी. रोज संध्याकाळी मी आलो की पहिलं हे. दारातून धक्का दिसतो. येणारी-जाणारी माणसं बघत ती तासभर बसायची. दिवसातलं तिचं तेवढंच होतं.

मग तिला जेवू घालणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, रात्री दोनदा कूस वळवणं. सकाळी सहाला परत निघायचं. मी थकलो होतो — हे लिहिलं, आणि लिहितानाच कळलं की ही सबब होते आहे. बाबा थकले नव्हते का?

एकदा, साधी पंचमी होती, सावंत म्हणाला, आज राहा, मटण आणलंय. मी घरी फोन केला. म्हणालो, ओहोटी आहे, लाँच बंद आहे. किती सहज निघालं तोंडातून. बाबा म्हणाले, "बरं. जेवून घे." बस. त्या रात्री मी आठ तास झोपलो.

मग सवय लागली. महिन्यातून दोनदा, मग तीनदा, मग आठवड्यातून एकदा. मी तिकडे काय करत होतो म्हणता? काहीच नाही. वाईट नाद असता तर सांगायला तरी सोपं गेलं असतं. कॅरम खेळायचो, मॅच बघायचो, झोपायचो. सावंत हसायचा. "काय रे, आज परत तुझो समुद्र आटलो?"

ऑफिसातल्या कोणाला पाण्याचं काय कळणार? पण मी खोटं ऑफिसात बोलत नव्हतो. मी ते एका तांडेलाला सांगत होतो. आमच्या कोळीवाड्यात पोराला पाढ्यांच्या आधी पाणी मोजता येतं. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, तिथी मोजायची, तिचा पाऊणपट केला की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. हे मलाही सहाव्या वर्षी येत होतं. मग मला काय वाटत होतं — बाबा विसरले असतील? की वाटतच नव्हतं काही, आणि ते गप्प राहतात तोवर चाललं आहे, एवढंच मी बघत होतो? दुसरंच खरं आहे.

त्या दिवशी अष्टमी होती.

साडेपाचला फोन केला. ओहोटी लागलीय, उद्या येतो. पलीकडे बाबा होते. मागे आईचा आवाज येत होता. मग म्हणाले, "आज अष्टमी ना रं बाला?" मी म्हणालो, "गाळ वाढलाय बाबा, लावत नाहीत." बाबा म्हणाले, "बरं. जेवून घे."

पुढचं मला शेजारच्या हिराकाकूने सांगितलं. सातच्या सुमाराला लाँच आली. येणारच होती, पाणी भरलेलं होतं. आईला इंजिनचा आवाज ऐकू आला. तिने हाताने खुणा सुरू केल्या, उचला, दारात बसवा. पोरगा आला. बाबांना ठाऊक होतं की मी त्या लाँचवर नाही. पण ते तिला काय सांगणार होते? लाँच बंद आहे, असं? ती तर समोर धक्क्याला लागत होती. पोरगा खोटं बोलला, असं? ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तिला एकट्याने उचललं.

दोघंही पडले. बाबा खाली, म्हणून त्यांना फक्त मुका मार. आईचा खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात पोचलो तेव्हा ती जागी होती. माझ्याकडे बघून तिने डावा हात माझ्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, "लाँच आयली... तू नाय." तक्रार नव्हती. तिला ते कोडंच वाटत होतं. त्यानंतर चार महिने ती जगली. दारात एकदाही बसली नाही.

पण मला कबूल करायचं आहे ते अजून थोडं पुढचं आहे.

तिला घरी आणलं त्या संध्याकाळी अंगणात माणसं जमली होती. आठजण, सगळे बाबांच्या वयाचे, सगळे दर्यावर्दी. मी दाराला टेकून उभा. पांडूकाका, म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, सरळ माणूस, त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगा कुठं व्हता त्या दिवशी?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओहोटी व्हती. लाँच बंद व्हती."

पांडूकाकाचा अंगठा बोटांच्या पेरांवर गेला. एक पेर, दोन, तीन. मी बघत होतो. इतरही बघत होते. मग तो थांबला. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "व्हय. व्हती ओहोटी."

आठ म्हाताऱ्या कोळ्यांनी अष्टमीला सहा वाजता ओहोटी मान्य केली. माझ्यासाठी नाही — बाबांसाठी. आणि मी? मी मान हलवली. हो म्हणून. एवढंच करायचं होतं — एक पाऊल पुढे यायचं आणि नाही म्हणायचं. मी मान हलवली आणि आत चहा ठेवायला गेलो.

आता बाबा माझ्याकडे असतात, नाहूरला. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारती दिसतात, पाणी कुठेच नाही. तरी सकाळी उठून ते कॅलेंडर बघतात, पेरं मोजतात आणि चहा पिताना मला भरतीची वेळ सांगतात. खरी वेळ, रोज. मी "हो बाबा" म्हणतो. माझी मुलगी त्यांच्याकडून मोजायला शिकली आहे.

रविवारी आईचं श्राद्ध आहे, मोऱ्यालाच. आता पूल झाला, तासाभरात पोचू. त्या आठांपैकी पाचजण उरलेत, पांडूकाका आहे. जेवणं झाली की अंगणात बसतात. बाबा बसलेले असतील, बायको आणि मुलगीही असेल. तेव्हा मी उभा राहून सांगणार आहे. काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं आहे, फार नाही.

त्या दिवशी अष्टमी होती. सहाला भरती होती. लाँच वेळेवर आली. मी तिच्यात नव्हतो.