फोमच्या हरणांमागे एक आठवडा

जंगलात बाण हरवला की तो कधीच सापडत नाही. पाचोळा उकरता उकरता हाताला लागतो तो गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणी हरवलेला बाण! आमच्या क्लबचे किस्सेही असेच. एक सांगायला जावं, तर खालून दुसरा निघतो.

आधी एक खुलासा. 'धनुष्यबाणाने हरणाची शिकार' म्हटलं की लोक माझ्यापासून जरा लांब सरकतात. इथे इंग्लंडमध्ये तशी शिकार करायला कायद्याने बंदी आहे. आम्ही मारतो ती फोमची हरणं. खऱ्याच्या मापाची, रंगवलेली, झाडीत लपवून ठेवलेली. अंतर कुणी सांगत नाही, ते डोळ्यांनीच जोखायचं. ब्रॅकनेलजवळच्या एका इस्टेटीचं जंगल आमच्या क्लबला वापरायला मिळतं. ऑक्टोबरमध्ये आठवडाभर आम्ही तिथे हरणं मांडतो, सराव करतो आणि रविवारी स्पर्धा घेतो.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली, टायरच्या दुकानात नोकरी. चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण ते जंगल मला पाठ होतं.

*

सोमवारी मोठं सांबर आणायचं होतं. ते लेलेकाकांच्या गाडीच्या डिकीत मावेना. लेलेकाका म्हणजे स्टॅनमोरचे रिटायर्ड अकाउंटंट, क्लबचे सगळ्यात उत्साही आणि सगळ्यात वाईट नेमबाज. त्यांनी शिंगं काढून मागे टाकली, सांबराला पुढच्या सीटवर बसवलं आणि सीटबेल्ट लावला. मी मागे, शिंगं मांडीवर घेऊन.

वाटेत पोलिसाने थांबवलं. तो बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हा पुढे का बसलाय?"

काका शांतपणे म्हणाले, "मागे बसवलं की त्याला गाडी लागते."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी शिंगं घट्ट धरली. "सावकाश जा," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला!

*

मंजिरीताई मूळची पुण्याची, ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. मंगळवारी तिने अंतर जोखण्यासाठी चक्क तक्ता छापून आणला. झाडाची उंची, हरणाची उंची, अमुक भागिले तमुक. पहिले नऊ बाण पाचोळ्यात.

आमचा म्हातारा बॉब, म्हणजे रिटायर्ड पोस्टमन आणि कोर्स, म्हणजे एका हरणाकडून दुसऱ्याकडे नेणारी वाट, आखणारा मुख्य माणूस, म्हणाला, "कागद ठेव. रोज डोळ्यांसमोर असतं असं एखादं अंतर आठव."

ताईने डोळे बारीक केले. "माझ्या डेस्कपासून प्रिंटर," म्हणाली आणि बाण सोडला. थेट छातीत!

त्यानंतर ती सुटलीच. "हे कँटीन. हे रिसेप्शन. हे बॉसचं केबिन..." आणि बॉसच्या केबिनवर तिचा नेम एकदाही चुकला नाही.

*

लेलेकाकांचा पाय एकदा फोमच्या हरणाला लागला होता. आपण करतो तसं त्यांनी पटकन वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला टेकवला. लगेच बाण उपटला. बॉबने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, बाण उपटण्याआधी असंच करायचं असतं. तोही करायला लागला. बॉब करतो म्हटल्यावर नवे सभासदही करायला लागले.

मी सांगणार होतो. पण कसं सांगायचं, या विचारात दोन वर्षं गेली.

त्या बुधवारी मँचेस्टरहून डेव्ह नावाचा धिप्पाड पाहुणा आला. त्याने बाण उपटायला हात घातला, तर बॉब कडाडला, "आधी नमस्कार!"

डेव्ह गुडघ्यावर बसला. हरणाच्या खुराला हात लावला, कपाळाला लावला. मग लेलेकाकांच्या कानाशी लागून म्हणाला, "किती सुंदर! फार जुनी इंग्लिश प्रथा असेल ना ही?"

काका म्हणाले, "फारच जुनी."

*

आता माझी स्वतःची फजिती. गुरुवारी डेव्ह धरून सहा पाहुणे वाटेवर उभे होते. मला जायचं होतं झाडामागे, लघवीला. मी निघालो, तर सहाही जण माझ्या मागोमाग! त्यांना वाटलं, मी कोर्स दाखवायला निघालोय.

खरं कारण सांगायची लाज वाटली. मग काय, दाखवला कोर्स! गप्प कसं चालायचं म्हणून बोलत राहिलो. हे ओकचं झाड वादळात पडलं, इथे कोल्ह्याचं बीळ आहे, या सालीवर हरणं शिंगं घासतात, इथला चिखल वर्षभर सुकत नाही. दीड तास! आयुष्यात इतका मी कधी बोललो नव्हतो. शेवटी तर पळतच झाडामागे गेलो.

परत आलो तर बॉब हसत होता. "त्या सहांतला हिरव्या जॅकेटवाला कोण होता, माहितीये? इस्टेटीचा मॅनेजर. त्याला जंगलात मदतनीस हवाय. कुंपण, झाडं, हरणांची मोजदाद. पूर्ण वेळ, पगारी. म्हणतो, हाच मुलगा पाहिजे."

मी इंटरव्ह्यू दिला होता. तोही पाय आवळून!

*

घरी बाबांना सांगितलं. बाबा सॉफ्टवेअरवाले. बॉसचा फोन आला की उचलणारच. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन ते सर्व्हरबद्दल बोलत होते.

"टेबल नाही, खुर्ची नाही, ऑफिस नाही," बाबा म्हणाले. "ही कसली नोकरी? जानेवारीपासून कॉलेज."

आई म्हणाली, "अहो, एकदा बघून तरी या."

"रविवारी येतो. पण बघूनही माझं मत बदललं नाही, तर कॉलेज. कबूल?"

मी मान डोलावली. बाबांच्या मनाविरुद्ध ती नोकरी मी घेतली नसती, आणि ती सोडून मला दुसरं काही नकोच होतं.

*

रविवारी बाबा आले, ऑफिसचे बूट घालून. आमच्या गटात लेलेकाका, मंजिरीताई, डेव्ह आणि मी. गुण लिहायला बॉब. बाबा मागे. सकाळपासून त्यांना तीन फोन आले. तिन्ही उचलले.

शेवटच्या टार्गेटला पहिला बाण माझा होता. पहिल्याच बाणात वर्मी लागला तर वीस गुण, आणि कप माझा. बॉब कागदात डोकं घालून बेरीज करत होता. समोर उतारावर उन्हात हरीण. मी धनुष्य ताणलं आणि हात थांबला.

शनिवारी मी तिथे बसलेलं हरीण ठेवलं होतं. हे उभं होतं.

मी दोरी सावकाश सैल केली, धनुष्य खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. खरं जनावर कोर्सवर आलं की आमची हीच खूण.

"फोमच्या हरणाला शरण?" डेव्ह कुजबुजला.

हरणाने कान हलवला!

बॉबने हात वर केले. मग सगळ्यांनीच. जनावर जाईपर्यंत बाण सोडायचा नाही, असा नियम. जनावराला मात्र घाई नव्हती. त्याने थोडं चरून घेतलं आणि फोमच्या हरणाशेजारी जाऊन खाली बसलं. मागून येणारे गटही येऊन मुकाट उभे राहिले. वीस-बावीस माणसं, चाळीस मिनिटं!

पुढचं सांगूनच टाकतो. ते उठून गेल्यावर मला एकाच बाणात वीस मिळाले. कप आईने टीव्हीवर ठेवलाय. पण किस्सा तो नाही.

किस्सा त्या चाळीस मिनिटांतला. बाबा हळूच माझ्या शेजारी आले. "आता?"

"वाट बघायची."

"किती वेळ?"

"त्याला उठावंसं वाटेपर्यंत, बाबा."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन थरथरला. बॉस! बाबांनी हरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोन कानाला लावला, तोंडावर आडवा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"आत्ता बोलता येणार नाही. मुलाच्या ऑफिसमध्ये आहे."