माझ्या नंबरवरची दुसरी बाई

ये गं, अशी जवळ बस. आधी ती पर्स खाली ठेव, पळून जायच्या तयारीत बसल्यासारखी बसू नकोस. नॉटिंगहॅमहून लेस्टरला यायला ट्रेननं अर्धा तास, आणि माझ्या नणंदेची नात चार-चार महिन्यांनी उगवते! वर मलाच सांगतेस, "आजी, दर रविवारी फोन करते की." करतेस, नाही कुठं म्हणते मी? पण फोनवर माणूस कळत नाही गं. हसतेस काय? माझ्या सख्ख्या बहिणीला मी कळले नव्हते.

हे गेल्यानंतरची गोष्ट. घरात मी एकटी. बाहेर पडलं की बेलग्रेव्ह रोड, सगळं मिळतं, माणसंही चांगली, पण बोलायचं ते गुजरातीत नाहीतर इंग्लिशमध्ये. मराठी बोलायला मला कुणीच नव्हतं. कधी कधी भाजी चिरताना मीच मोठ्यानं म्हणायचे, "अगं बाई, मीठ संपलं की," आणि माझ्याच आवाजानं दचकायचे.

ताई सांगलीला. ती अगदीच कमी ऐकायची, बोलणं काही पोचायचंच नाही. तिला फक्त उजव्या कानानं फोनची ट्रिंग ट्रिंग कळायची. म्हणून आम्ही दोघींनी मिस्ड कॉलचं ठरवलं. ती जेवायला बसली की माझ्या इंडियाच्या नंबरवर दोन रिंग द्यायची आणि ठेवायची. मी उचलायचा नाही. इथे तेव्हा सकाळचे आठ, माझा चहा असायचा. दोन रिंगा वाजल्या की मी म्हणायचे, "हं, बस तू, जेव." बास, एवढंच आमचं बोलणं. पण ते रोज होतं.

आधी दोन फोन होते. इंडियाचा घरी राहायचा आणि मी दुकानात असले की रिंग चुकायची. मग पुतण्यानं पुण्याहून दोन कार्डांचा फोन आणून दिला. एकाच फोनात इथला नंबर आणि तिथलाही! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जणू एका पिशवीत दोन्ही घरं घालून मी हिंडत होते.

आणि त्या उन्हाळ्यात माझं ब्लडप्रेशर बिघडलं. सर्जरीची, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची, अपॉइंटमेंट हवी तर सकाळी आठला फोन लावायचा, हे तुला ठाऊकच आहे. आठाला सगळं गाव लावतं. मी रांगेत नंबर लागायची वाट बघत, कानाला फोन, त्यातली ती वाजंत्री ऐकत वीस-वीस मिनिटं उभी. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी ध्यानात आलं, ताईची रिंग कुठाय?

फोनच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मासी, एक बोले त्यारे बीजुं सूई जाय." म्हणजे एका कार्डावर बोलत असलं की दुसरं झोपतं. मला मेलीला कुणी सांगितलंच नव्हतं!

मी ताईच्या सुनेला फोन लावला. ती हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाली, "अहो मावशी, सासूबाई म्हणतात तुमचा नंबर दुसऱ्या बाईकडे गेला."

"कुठल्या बाईकडे?"

"ती हो, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणून सांगणारी. त्यांना शब्द कळत नाहीत, फक्त बाई बोलतेय एवढं कळतं. चार दिवस भांडल्या तिच्याशी. म्हणाल्या, मी बोलतेय तरी ऐकून घेत नाही, आपलंच घोडं पुढं दामटते."

"अगं, मशीन आहे म्हणून सांग ना!"

"लिहून दाखवलं. म्हणाल्या, मशीन एवढं उद्धट नसतं."

आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर मी चहा सिंकमध्ये ओतून दिला. माझ्या घरात माझ्यासाठी वाजणारी ताईची रिंग तेवढी एकच गोष्ट होती.

सुनेनं कसंबसं पटवलं आणि आठवड्यानं पुन्हा रिंग आली. आठाला पाच कमी. इतका आनंद झाला की मी ठरलेलं मोडलं. उचलला फोन! ओरडले, "ताई, मीच आहे गं, मीच!"

पलीकडून ताईचा आवाज, चढलेला. "अजून तुम्हीच का? बाई, हा माझ्या धाकट्या बहिणीचा नंबर आहे. परदेशात एकटी असते ती. सोडा की तिला!"

आणि ठेवला.

तिला माझी किती काळजी, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं, ते त्या बाईला. मी लगेच सांगलीच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला, दहादा दिला. ताईनं तो फोन उशीखाली दडपून ठेवला होता म्हणे.

शेवटी तिकीट काढलं नि गेले. ताईनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि पहिलं वाक्य काय? "तुझा नंबर एका बाईनं बळकावलाय, पोलिसात दे." मी वाद घातला नाही. माझा फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, खुणेनंच, लाव. तिनं लावला. मांडीवरचा फोन थरथरला, वाजला. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "गेली वाटतं ती."

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर दोन रिंगा. पुढं ती असेपर्यंत रोज. सर्जरीला मी मग कधी आठाला फोन केला नाही, थंडीत चालत जाऊन दारात उभी राहायचे.

म्हणून म्हणते, तुझ्या रविवारच्या फोनचं मला कौतुक आहे, पण हजारो कोसांवरच्या माणसाला जे जमत नव्हतं ते तुला अर्ध्या तासात जमतं. पुढच्या शनिवारी ये. कळवू नकोस, नुसती ये, मी घरीच असते.