कुसुमवन्संच्या चित्राखालचा मजकूर

दिल्लीतल्या मयूर विहारमधून वन्संच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी सकाळचे पोहे भिजवत होते. "आंटीजी, दीदी उठ नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली... आम्ही गुरुग्रामहून पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. तुमच्या कुसुमआजीला जाऊन आता सहा आठवडे झाले. तुम्हा दोघा नातवंडांना इतक्या लांबून येता आलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल लिहून ठेवते आहे.

कुसुमवन्सं तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आयुष्यभर फाइली सांभाळल्या. आई गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि आजोबा दोन. आईचा एकही फोटो नव्हता. ऐंशी उलटल्यावर वन्सं एआयवर चित्रं करायला शिकल्या, आणि केली ती फक्त आईची. सगळी इंटरनेटवरच्या एका गॅलरीत ठेवली. प्रत्येक चित्राखाली मशीनला दिलेली सूचना जशीच्या तशी असायची: 'रंग गव्हाळ, पक्का आठवतो. नाकात चमकी, मावशीने सांगितलेली. हनुवटी अंदाजाने.' एवढा मजकूर कशाला, असं मी विचारलं की म्हणायच्या, "सुधा, नोटिंगशिवाय फाइल पुढे सरकत नसते. उद्या कुणी विचारलं, हे कुठून आणलंत, तर?"

मला मात्र तो मजकूर पसारा वाटायचा. त्यातलं एक चित्र मी उतरवून घेतलं, खालच्या ओळी कापल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. सूचना चित्राच्या फाइलीतही साठवलेली असते आणि अशा पाठवापाठवीत ती गळून पडते, हे मला फार उशिरा कळलं. चित्र पुण्याला गेलं, नागपूरला गेलं, आणि 'आजींचा दुर्मिळ फोटो' म्हणून परत आमच्याकडेच आलं. आजोबांना तो खराच फोटो वाटला आणि मीही तसंच वाटू दिलं. फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, हार घातला. आजोबा रोज आंघोळीनंतर त्यापुढे हात जोडायचे. "बघ, डोळे अगदी माझे आहेत," म्हणायचे.

दिवाळीला वन्सं आल्या, फ्रेमसमोर थांबल्या. आजोबा आत होते, म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, "डोळे मला आठवत नाहीत. खाली तसं लिहिलं होतं. ते कुठे गेलं?"

"राहू द्या ना वन्सं. यांना बरं वाटतं."

"वाटत असेल ना. पण यातली माझी आई किती आणि मशीनची किती, हे मी गेल्यावर कोण सांगणार? तू?"

मी चहा टाकायला उठले. त्यानंतर त्या आमच्याकडे दोनदाच आल्या, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरात बसून परत गेल्या. मी एकदाही चूक कबूल केली नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर मी गॅलरी उघडली. त्या चित्राखाली लिहिलं होतं: 'कपाळ पक्कं. कानामागचा तीळ पक्का. डोळे आठवत नाहीत. भावाचे घातले आहेत, तो झोपेतून उठून मला शोधायचा तेव्हाचे.' मी ते कागदावर उतरवलं, पण दाखवायचा धीर होईना. काल तो कागद आजोबांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. "म्हणजे ही आई नाही," म्हणाले... मग, "ताईला माझं ते शोधणं अजून आठवत होतं?"

मी म्हटलं, कागद फ्रेमच्या मागे चिकटवते. "मागे नको. समोर लाव."

तुमच्या फोनमध्ये ते चित्र असेल, तर ह्या ओळीही त्याच्यासोबत ठेवा.

आज आंघोळीनंतर आजोबा फ्रेमसमोर गेले. हात जोडले नाहीत. चष्मा लावला आणि चित्राकडे न बघता खालचा कागद वाचला. संपल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.